धुरकऱ्याचं नाव

वेग ही माणसाची सर्वांत खासगी गोष्ट असते. भूक, झोप, मरण, सगळ्यांत कुणी ना कुणी वाटेकरी निघतो. वेगात मात्र माणूस एकटा असतो, आणि त्या एकटेपणात हाती जे लागतं ते फक्त त्याचं असतं. हे सगळं मला शेवटच्या शंकूला वळसा घालून गाडी चुन्याच्या चौकोनात थांबवताना, हेल्मेटच्या आत, अगदी लखलखीत दिसलं. मग मी हेल्मेट काढलं आणि कर्ण्यातून आवाज आला, "पाह्यलं का मंडळी! पाह्यलं का! कामरगावच्या श्रीमती चतुराबाई गावंडे! काय पयाल्या, काय पयाल्या! हवा हाय हवा!" चतुराबाई माझ्या सासूबाई. वय पंच्याहत्तर. गाडी पळत होती तेव्हा त्या मांडवात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून शेंगा सोलत होत्या.

माझे हात अजून स्टिअरिंगवरच होते. आत कुठेतरी पंखा घरघरत होता, धूळ मागून येऊन गाडीच्या पुढे निघून चालली होती. पहिल्यांदा वाटलं, हा विनोद आहे. खेड्यापाड्यातल्या कर्ण्यावर विनोद चालतो. पण नंतर वेळ सांगितली गेली, घरगुती गाड्यांमध्ये आतापर्यंत सगळ्यांत कमी, आणि शिट्ट्या झाल्या, आणि शिट्ट्या मारणारी तोंडं सगळी मांडवाकडे वळली. माझ्याकडे एकजण आला. तो म्हणाला, "भाऊ, गाडी बाजूले घ्या." ड्रायव्हरला सांगतात त्या आवाजात. मी घेतली. इतक्या वर्षांची सवय. अमुक करा म्हटलं की मी करतो, आधी करतो आणि मग चिडतो.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगायला हवं की तो फार साधा आहे. मोकळ्या मैदानावर नारंगी शंकू मांडायचे, एका वेळी एकाच गाडीने त्यांच्यामधून ठरलेल्या वळणांनी जायचं, आणि जो लवकर परतेल तो पहिला. शंकू पाडला तर सेकंदांचा दंड. समोरून कुणी येत नाही, मागून कुणी हॉर्न देत नाही, मध्येच म्हैस बसलेली नसते. त्यामुळे आमच्या जिल्ह्यात रोज कॉलेजला जाण्यापेक्षा शर्यतीत भाग घेणं कधीही सुरक्षित. इंग्रजीत याला ऑटोक्रॉस म्हणतात. राजपालने तो पुण्याहून आणला. राजपाल माझा जुना विद्यार्थी, अर्थशास्त्रात जेमतेम पास झालेला, पण हेल्मेट, शंकू, नियमांची पानं सगळं बरोबर घेऊन आला. त्याच्याकडे फक्त मैदान नव्हतं. मैदान होतं पटाच्या कमिटीकडे, शेलूबाजारच्या बाहेर, जिथे दरवर्षी शंकरपट भरतो, बैलांच्या जोड्या पळतात. मैदानाबरोबर कमिटीही आली. घड्याळवाले पटाचे, चुना पटाचा, गुलाल पटाचा, आणि कर्ण्यावर मानोऱ्याकडचे उदयसिंग, ज्यांचा आवाज ऐकून म्हणे बैलसुद्धा कान टवकारतात. सकाळी नाव लिहायच्या टेबलावरही तेच बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "गाडी कोनाची?" मी खरं सांगितलं. मी आयुष्यभर शिकवण्याचं काम केलं आहे, विचारलेल्या प्रश्नाचं नेमकं उत्तर देतो. "सासूबाईंची," म्हणालो, "चतुराबाई गावंडे, कामरगाव." त्यांनी आरसीवर मालकाचं नाव पाहिलं, मान हलवली, आणि पुढच्या माणसाला विचारलं, "गाडी कोनाची?" पटात जोडी मालकाच्या नावाने पळते हे मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. छकड्यावर उकिडवा बसून, दात-ओठ खात, शेपट्या पिरगाळत जो जोडी हाकतो तो धुरकरी. त्याचं नाव कर्ण्यावरून कधी येत नाही. फेटा मालकाला, गुलाल बैलांना, धुरकऱ्याला रात्री मटण. पण आपण धुरकरी आहोत हे टेबलासमोर उभं असताना माणसाच्या ध्यानात येत नाही. ते गाडी बाजूला घेतल्यावर येतं.

मला नाव हवं होतं. यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. कॉलेजात मी 'सर', आणि कॉलेजात एकोणीस सर आहेत. घरी 'अहो, ऐकलं का.' वाशीमच्या आमच्या कॉलनीत मी रंजीता मॅडमचे मिस्टर, कारण रंजीता शाळेची हेडमिस्ट्रेस आहे आणि निम्म्या कॉलनीची पोरं तिच्या हातून मार खाऊन गेलेली. कामरगावात 'जवाईबापू.' गाडी आल्यापासून त्या हाकेत एक नवीन सूर शिरला. आधी जवाईबापू म्हटलं की पाट येत असे, पाण्याचा तांब्या येत असे. आता जवाईबापू म्हटलं की दार उघडावं लागतं, मागचं, डावीकडचं. रामकिसन इंगोले असं एक नाव आहे, ते माझं आहे, आणि ते मोठ्याने उच्चारलेलं मी शेवटचं कधी ऐकलं हे मला खरंच आठवत नाही. बहुधा कुठल्याशा दवाखान्यात.

गाडीची गोष्ट अशी की समृद्धी महामार्ग आला आणि त्यात सासूबाईंचं विहिरीचं वावर गेलं. वावर गेलं त्या रस्त्यावरून जायला गाडी पाहिजे, असं सासूबाईंचं म्हणणं. ते कुणाला खोडता आलं नाही. गाडी पांढरी, नाव त्यांचं, चावी त्यांच्या कमरेच्या बटव्यात. चालवायला येत नाही, आणि शिकायचा प्रश्नच नाही, कारण जावई शिकलेला आहे. पहिल्या दिवशी आम्ही महामार्गावर चढलो तेव्हा त्या मागे डाव्या काचेला नाक लावून बसल्या होत्या. मी तोवर आयुष्यात फार तर साठने गाडी चालवलेली, तीही मित्राची. रस्ता पुढे नुसता उलगडत गेला, सपाट, रिकामा, दोन्ही बाजूंना कुंपण, आणि माझ्या उजव्या पायात काहीतरी जागं झालं. म्हणजे पाय माझाच होता पण इतकी वर्षं तो फक्त उभं राहायला वापरला होता. काटा वर चढत होता आणि छातीत एक गार मोकळेपणा उतरत होता. मागून आवाज आला, "हळू. हळू घ्या जवाईबापू. इथंच कुठंतरी माही विहीर होती." मी म्हटलं, "सासूबाई, इथे हळू जायची परवानगी नाही." त्या म्हणाल्या, "कोनाची परवानगी?" मी पाय उचलला नाही. "गेली," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "परतताना सांगजा मले." आम्ही परतताना ती दुसऱ्या बाजूला होती आणि तेव्हाही गेली. त्यानंतर महिन्यातून दोनदा आम्ही विहीर शोधायला त्या रस्त्यावर जातो, आणि दोनदा ती जाते. मला त्या जाण्याची चटक लागली होती हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग मोबाइलवर ते व्हिडिओ. एक परदेशी पोरगा, दाढी न फुटलेला, सांगायचा की शंकूकडे पाहू नका, शंकूच्या पलीकडे पाहा; डोळे जिकडे जातील तिकडे गाडी जाते. ब्रेक आधी, वळण नंतर, दोन्ही एकदम कधी नाही. हे ऐकून मला एखाद्या मोठ्या ग्रंथातलं वाक्य सापडावं तसं वाटायचं; मी ते वर्गातही सांगितलं, मागणी-पुरवठ्याच्या तासाला, आणि पोरांनी वहीत उतरवून घेतलं. रविवारी बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात मी तेलाचे रिकामे डबे मांडून सराव करत असे. एकटा नव्हे. एकटं जायची सोय नव्हती. "माही गाडी हाय, मी बसन," असं म्हणून सासूबाई मागे बसायच्या, वरच्या दांडीला धरून, मांडीवर पानाची पिशवी. पहिल्या वळणाला त्या आडव्या झाल्या. सरळ बसून पदर सावरला आणि मागे वळून पाहिलं. "पाडला," म्हणाल्या. "डबा पाडला." पुढच्या फेरीला, "दोन पाडले. जवाईबापू, तुमाले दिसत नाही, का दिसत नाही असं करून राह्यले?" मी सांगितलं, डब्याकडे पाहायचं नसतं. "मंग कुठं पाह्यता?" पलीकडे, म्हणालो. "पलीकडं काय हाय?" पलीकडे जिनिंगची भिंत होती. मला आरशात त्यांचं अर्धं तोंड दिसायचं, सुपारी चघळणारं, निर्विकार, आणि माझा संताप वळणागणिक वाढत जायचा. वर्गात साठ पोरं समोर असतात, घरी आई होती तेव्हा आई, मग रंजीता, मग तिची शाळा, आणि आता या धुळीच्या आवारात, जिथे मी कुणालाही न सांगता एकच गोष्ट शिकायला आलो होतो, तिथेही मागच्या सीटवर बसून कुणीतरी मोजत होतं. दिवाळीच्या सुमारास माझ्या ध्यानात आलं की त्या आता आडव्या होत नाहीत. वळण यायच्या आधीच, मी ब्रेक लावायच्याही आधी, त्या आतल्या बाजूला झुकलेल्या असायच्या. डबे पडायचे थांबले. मी याचा त्यांच्या झुकण्याशी काही संबंध लावला नाही, आणि आजही लावत नाही.

शर्यतीच्या दिवशी मात्र राजपालने गाडी तपासली आणि सांगितलं, आत फक्त चालवणारा बसेल. आणि सुटी वस्तू एकही नको. मागच्या सीटवरून पानाची पिशवी निघाली, चष्म्याचं घर, भाकरीचा डबा, पाठीमागे ठेवायची उशी, एक चप्पल जी आम्ही पोळ्यापासून शोधत होतो. शेवटी सासूबाई निघाल्या. "म्हंजे मी सुटी वस्तू का रे?" त्यांनी राजपालला विचारलं. तो लाजला, म्हणाला, "आजी, नियम हाय." त्या उतरल्या. दार लागलं, आणि गाडीतली हवा एकदम बदलली. इतकी शांतता मी त्या गाडीत कधी ऐकली नव्हती.  झेंडा पडला आणि मी सुटलो. पहिला शंकू, दुसरा, मग ती लांब उजवी कमान जिथे मागची चाकं मातीवर हलकेच सरकतात आणि पोटात पाळणा हलतो. मी पलीकडे पाहत होतो, अगदी पलीकडे, जिथे फक्त तुरीचं पिवळं-करडं वावर होतं, आणि हात माझे आपोआप फिरत होते. एका वळणाला, तिसऱ्या की चौथ्या, मी मागून येणाऱ्या शब्दाची वाट पाहिली. तो आला नाही. त्या न आलेल्या शब्दाच्या जागेत मी एकटा होतो, खराखुरा, जन्मात पहिल्यांदा असेल, आणि मला वाटलं हे संपू नये, आणि वाटलं की हे आत्ताच्या आत्ता संपावं, आणि मग चुन्याचा चौकोन आला. त्यानंतर कर्णा.

सगळ्या गाड्या झाल्या आणि आमची वेळ कुणाला मोडता आली नाही. उदयसिंगांनी नाव पुकारलं तेव्हा मी मांडवाच्या खांबाशी उभा होतो. सासूबाई उठल्या. पदरातली टरफलं त्यांनी काळजीपूर्वक खुर्चीखाली झटकली, सोललेले दाणे माझ्या हातात दिले, म्हणाल्या, "धरा, मी येतो," आणि गेल्या. त्यांना फेटा बांधला, पदरावरूनच. गुलाल गाडीच्या बॉनेटवर टाकला. उदयसिंगांनी माइक त्यांच्या तोंडापुढे धरला. "चतुराबाई, सांगा मंडळींले, काय वाटून राह्यलं?"

"काय वाटन बापा? चांगली पयाली. सर्विसिंग करून आनली होती मी."

लोक हसले, टाळ्या पडल्या. मी. म्हणे सर्विसिंग करून आणली होती मी! अकोल्याच्या त्या वर्कशॉपच्या बाकावर अख्खा दिवस कोण बसलं होतं, गोड चहा पीत, भिंतीवरची तीच जाहिरात वाचत? माझ्या मुठीत दाण्यांचा भुगा झाला. मी स्टेजकडे चाललो. मला आठवतं, चालताना मी मनात वाक्य जुळवत होतो, आणि ते फार चांगलं जुळलं.

"मी या निर्णयाचा निषेध करतो," मी म्हणालो.

"करा ना सर," उदयसिंग म्हणाले. "माइक देऊ का?"

"गाडी मी चालवली. वेळ माझी आहे. नाव माझं यायला पाहिजे."

"अहो, रागावून कायले राह्यले? घरातच हाय ना नाव. सासूचं काय अन् जवायाचं काय. पटात आमी कधी धुरकऱ्याचं नाव घेतलं का?"

"हा पट नाही."

"मंग काय हाय? चुना आमचा, कर्णा आमचा, गुलाल आमचा. फक्त बैल तेवढे तुमचे पेट्रोलवर."

पुढची रांग हसली. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी बैल नाही, असं मी म्हणालो, आणि म्हणता क्षणीच ते म्हणायला नको होतं हे कळलं, कारण मागून कुणीतरी बैल थांबवतात तसं "हो हो" केलं. राजपाल धावत आला. "उदयसिंग काका, सरांचं बरोबर हाय. साऱ्या दुनियेत चालवणाऱ्याचंच नाव असते. मालकाले कोनी पुसत नाही."

"दुनियेत असन. शेलूबाजारात नाही."

मग मी बोललो. काय बोललो ते सगळं आता आठवत नाही. श्रम, श्रमाचं मूल्य, आणि मालकी ही स्वतः काही करत नाही, असं बरंच काही, तीस वर्षं वर्गात झोपलेल्या पोरांपुढे बोललो ते सगळं. मजेची गोष्ट अशी की ते मला पहिल्यांदाच खरं वाटत होतं. आवाज फाटत होता. माइक चालू होता हे नंतर समजलं; तुरीच्या वावरात काम करणाऱ्या बायासुद्धा उभ्या राहून ऐकत होत्या. सासूबाई फेट्याखाली डोळे बारीक करून माझ्याकडे पाहत होत्या, तसंच, आरशात दिसायचं तसं.

"जवाईबापू," त्या म्हणाल्या, "तुमाले फेटा पायजे का?"

"फेटा नको. मला नाव पाहिजे, सासूबाई. माझं."

  कर्ण्याला माणसांचं गप्प राहणं सोसत नाही, तो नुसता शीळ घालत होता.

"माहं वावर गेलं," त्या म्हणाल्या, माझ्याशी की उदयसिंगांशी कळेना, "तवा कागदावर नाव आलं होतं माह्या मालकाचं. तो मरून किती वर्सं झाले होते. वावर कोन वाह्यलं? मी. निंदन कोनाचं? माहं. विहिरीतला गाळ कोनं काढला? मीच. अन् नाव मेलेल्याचं. लोक मने, चतुराबाई, घरातच हाय ना नाव, जाऊ दे." त्यांनी फेट्याचं टोक दाताखाली धरून सोडलं. "मी नाही जाऊ देलं. कचेरीतल्या साहेबापुढं जाऊन बसली. जेवाले उठला तरी बसली. उदयसिंग, घे त्याहीचं नाव."

"पण बाई..."

"घे मनतो ना. गाडी माही हाय. माह्या गाडीवर कोनाचं नाव घ्याचं ते मी सांगन."

आणि त्यांनी फेटा काढला. गुंडाळी न मोडता, टोपीसारखा अलगद उचलून, तो माझ्या हातात दिला.  मला राग आला होता तो कुठे ठेवावा हे कळेना. इतका मोठा राग, सकाळपासून, कदाचित त्याच्याही आधीपासून साठवलेला, आणि समोर घ्यायला कुणी उरलंच नाही. डोळ्यांत धूळ गेली असावी. उदयसिंगांनी घसा खाकरला, माइकवर दोनदा फुंकर मारली आणि माझ्याकडे झुकून, पहिल्यांदाच नरमाईने, विचारलं, "पूर्न नाव सांगा सर." मी सांगितलं. माझ्या तोंडून ते मला जरा परकं वाटलं, पण ठीक वाटलं.

"एक मिनिट, काका," राजपाल म्हणाला. त्याने नियमांची पानं उलटली. "मालकाचं नाव असलं त आरसीवर भागते. चालवणाऱ्याचं टाकाचं असन त लायसन पाहा लागते. फॉर्म्यालिटी हाय सर, सॉरी."

"सॉरी कशाला," मी म्हणालो. "नियम म्हणजे नियम."

मी पाकीट काढलं. तीस वर्षांपूर्वी शिकवलेला असो की आता, विद्यार्थ्याने नियमाला धरून वागलेलं पाहून शिक्षकाला जे वाटायचं ते मला वाटलं. राजपालने लायसन दोन्ही हातांनी घेतलं आणि उन्हात धरलं. फोटोत काळ्याभोर केसांचा एक माणूस होता. नाव बरोबर होतं, रामकिसन इंगोले, एका अक्षराची चूक नव्हती. मी पन्नास वर्षांचा झालो त्या दिवशी त्याची मुदत संपली होती.